महाराजांचा जांभळा पू

एका जंगलात, मुलांनो, जंतूसुद्धा राहत होते. गोष्टींत ते कधी येत नाहीत, कारण ते दिसत नाहीत. त्या जंगलात मात्र ते सायाळबाईंना दिसायचे.

सायाळबाईंची प्रयोगशाळा वारुळामागे होती. कुणाला गळू झालं, की त्या आपल्या पाठीचा एक काटा उपटायच्या, त्यावर थेंबभर पू घ्यायच्या, काचेवर पसरायच्या आणि काच निखाऱ्यावरून फिरवायच्या. मग वर जांभळाचा रस. तो पक्का बसावा म्हणून हिरड्याचं पाणी. मग मोहाच्या दारूने धुणं. आणि शेवटी रातांब्याचा गुलाबी रस.

खरी गंमत धुण्यात होती. जाड कातडीचे जंतू दारू अंगावर ओतली तरी जांभळेच राहत. पातळ कातडीचे बिचारे रंग सोडत आणि मग गुलाबी होत. जांभळे निघाले तर वैद्य अस्वल मध देई, गुलाबी निघाले तर कुड्याची कडूजहर साल. उलट दिलं तर रोगी मरे. इतकं साधं होतं सगळं.

एकदा वाघमहाराजांच्या पंजात बाभळीचा काटा मोडला. पंजा सुजला, पू झाला. सायाळबाईंनी सगळे रस घातले, धुतलं आणि दवाच्या थेंबातून पाहिलं. जंतू गुलाबी.

"गुलाबी?" तरस प्रधान ओरडला. "बाई, शुद्धीवर आहात ना? गुलाबी माकडाच्या बुडाला शोभतं. महाराजांच्या अंगात शिरायची गुलाबी जंतूंची हिंमत तरी होईल का?"

"रंग मी नाही हो ठरवत, प्रधानजी. धुतल्यावर जो राहतो, तो राहतो."

"मग धुता कशाला?"

सायाळबाईंना असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"दरबाराला प्यायला मोहाची पुरत नाही आणि तुम्ही जंतूंना आंघोळी घालता!" तरस म्हणाला. "महाराजांच्या अंगात गुलाबी जंतू शिरत नाहीत, हा आजपासून कायदा. धुणंही बंद. पटत नसेल तर बीळ रिकामं करा."

बिळात सायाळबाईंची दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून मऊच होते.

बाईंनी न धुतलेली काच घेतली आणि त्या गुहेत गेल्या. महाराज कण्हत होते. एवढा मोठा वाघ, पण पंजा छातीशी धरून लेकरासारखा पडला होता.

"बाई, खरं सांगा. मी वाचेन ना?"

मागून तरस खाकरला.

"जांभळे आहेत, महाराज. अगदी गर्द जांभळे," सायाळबाई म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं.

महाराज प्रसन्न झाले आणि मध खाऊ लागले. त्यातला अर्धा अस्वलच खाई. पंजा भोपळ्याएवढा झाला, तसा दरबाराने त्याच्या आकाराचा जयजयकार केला. इकडे धुणं बंद झाल्यामुळे जंगलात सगळ्यांचेच जंतू जांभळे निघू लागले. माकडांनी तर मिरवणूक काढली.

पुनव यायच्या आत महाराज गेले.

चौकशी बसली. रंग जांभळा, औषध मधाचं, दोन्ही बरोबर. म्हणजे महाराज बरे झाले होते, असं एकमताने ठरलं. बरे झाल्यावर ते मेले, हा त्यांचा खाजगी प्रश्न होता. सायाळबाईंना शाल मिळाली. ती पाठीवर घालताच काट्यांनी फाटली.

मग तरसच महाराज झाला. पहिल्याच मेजवानीत त्याच्या जबड्यात हाड रुतलं आणि गळू आलं. त्याने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि मोहाचा बुधला स्वतः उचलून सायाळबाईंपुढे ठेवला.

"बाई, आपण घरचीच माणसं. नीट खळखळून धुवा. पाहिजे तर दोनदा धुवा. पण मला खरा रंग सांगा हो!"

सायाळबाईंनी खळखळून धुतलं. थेंबातून पाहिलं. जंतू गुलाबी होते, दृष्ट लागावी इतके गुलाबी.

त्यांना आपली पिल्लं आठवली. मग कायदा आठवला.

"जांभळे आहेत, महाराज," त्या म्हणाल्या. या खेपेला त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, रंग कधी धुऊन पाहू नये. न धुतलेला रंग राजापासून माकडापर्यंत सगळ्यांना शोभतो. आणि दुखण्याचं काय, ते आज ना उद्या जातंच, दुखणाऱ्याला घेऊन.