अपरिग्रहाचा होमवर्क

कॅनडातल्या आमच्या अख्ख्या मिल्टनमध्ये अपरिग्रह माझ्याइतका कोणालाच कळलेला नाही, हे मी छातीठोक सांगतो. दर शनिवारी सकाळी झूमवर आमच्या मंडळातल्या अकरा जणांना मी योगासनं शिकवतो. वर दहा मिनिटं तत्त्वज्ञान, तेही फुकट.

गेल्या आठवड्यात होमवर्क दिला. "ज्या वस्तूत जीव अडकलाय, ती येत्या शनिवारी ड्राइव्हवेच्या टोकाला 'फ्री' असा कागद चिकटवून ठेवायची. सोडायला शिका."

मी स्वतः बंद पडलेला टोस्टर बाजूला काढून ठेवला होता.

शनिवारी पश्चिमोत्तानासन घेतलं. पाय लांब करून बसायचं, वाकून अंगठे धरायचे, कपाळ गुडघ्याला टेकवायचं. माझं कपाळ एरवी गुडघ्यापासून टोरांटोइतकं लांब राहतं. पण अकरा जण बघतायत म्हणून जोर लावला. कमरेत कट्‌ झालं आणि कपाळ गुडघ्याला चिकटलं ते चिकटलंच. वर येईना.

"वा सर," लॅपटॉपमधून ऊर्मीताई म्हणाल्या. "किती वेळ होल्ड करायचं?"

"मी सांगेपर्यंत," मी गुडघ्यांना सांगितलं.

तेवढ्यात माझी बायको सुनेत्रा खिडकीशी आली. "पुष्कर, तुझी वस्तू ठेवून आले हं बाहेर."

"टोस्टर ना?"

"टोस्टरमध्ये कुठे तुझा जीव आहे? कॅरम बोर्ड ठेवला."

माझा कॅरम बोर्ड! पुण्याहून दोन रजयांत गुंडाळून, एअरपोर्टवरच्या बाईच्या हातापाया पडून आणलेला.

"आत घे," मी कळवळलो.

"पोट का, सर?" ऊर्मीताई.

"हो. पोट. पोट आत घ्या." मग हळूच, "सुनेत्रा, प्लीज आण ना."

"सोडायला शिक," सुनेत्रा म्हणाली. "अगंबाई, अरविंद थांबलाय."

अरविंद म्हणजे समोरचा नागपूरकर. सहा वर्षं माझ्याकडून कॅरममध्ये हरतोय.

"उचलला. काखेत मारला. सोंगट्यांचा डबापण घेतला."

त्यानंतर मी कसा उठलो ते कुठल्याही योगाच्या पुस्तकात सापडणार नाही. कमरेत काटकोन, पायांत मोजे, असा बर्फातून धावलो.

"अरविंद, ठेव तो."

"काहून बे? फ्री लिहून आहे न. आमची स्वप्नाली तुझाच क्लास टीव्हीवर लावून करते. सगळं ऐकतो मी."

"चुकून ठेवला रे."

"मग चल, सांग क्लासमध्ये. म्हण, मला नाही जमत सोडायला. लगेच देतो बोर्ड."

इज्जत की बोर्ड? मी रस्त्यात पूर्ण दोन सेकंद विचार केला.

बोर्डासकट अरविंदला घेऊन घरात आलो, तर अकरा जण अजून वाकलेलेच.

"मंडळी, सोडा," मी कॅमेऱ्यासमोर म्हणालो. "मला त्याग जमत नाही. माझा बोर्ड मला परत हवाय."

माना एकेक करून वर आल्या.

"म्हणजे सर, आपापली वस्तू परत आणली तर चालतं?" ऊर्मीताईंनी विचारलं.

"चालतं."

दहा सेकंदांत स्क्रीनवर अकरा रिकाम्या मॅट. कुठल्याशा घरातून "माझा मिक्सर, माझा मिक्सर" असा आवाज लांब लांब जात होता. कुठल्याही आसनात माझा वर्ग इतक्या चपळाईनं कधी हललेला नाही.

सगळे परत येईपर्यंत अरविंदने आणि मी एक डाव मांडला. सहा वर्षांत पहिल्यांदाच हरलो. त्याचा खेळबिळ काही सुधारलेला नाही. कंबर काटकोनातच अडकलेली, त्यामुळे खाली बसल्यावर मला बोर्डावर वाकता येत नव्हतं, एवढंच.