बारावं क्रियापद

"बाराच्या बारा जणांनी नुसती 'हेल्प'च केली?" साहेबांनी वार्षिक अहवालांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "इंग्रजीत दुसरं क्रियापद नाही का? प्रत्येकाला वेगळा शब्द हवा. एकही दुसऱ्यांदा दिसला तर याद राखा!"

साहेब नवे होते, आणि नव्या साहेबांना काहीतरी बदलल्याशिवाय चैन पडत नाही. हेडक्लार्क मात्र सतरा वर्षं प्रत्येकाच्या अहवालात तेच वाक्य लिहीत आले होते : यांनी कार्यालयाला हेल्प केली. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण यंदाची गोष्ट वेगळी होती. बाराही जण हंगामी, आणि हे अहवाल वाचून मुख्यालय त्यांतल्या एकालाच कायम करणार होतं.

हेडक्लार्कांनी मुलीचा समानार्थी शब्दांचा कोश आणला. 'हेल्प'खाली असिस्ट, सपोर्ट, फॅसिलिटेट असे अकरा शब्द निघाले. अर्थ साधारण एकच, म्हणून त्यांनी ते हजेरीपटाच्या क्रमाने वाटून टाकले. पटावर सगळ्यांत शेवटी साफसफाईच्या मावशी. त्यांच्यापर्यंत येईस्तोवर कोश आटला आणि त्यांच्या वाट्याला जुनं 'हेल्प'च राहिलं. हेडक्लार्कांना मनापासून वाईट वाटलं. बाई नऊ वर्षं हंगामी होत्या आणि ऑफिसात हरवलेली प्रत्येक फाइल त्याच शोधून देत.

अहवाल टाइप झाले, पण टायपिस्टबाईंच्या पोटात काही राहीना. तासाभरात ड्रायव्हर येऊन थडकला.

"मला 'एड'! इंग्रजीत तीन अक्षरं! गाडीच्या नंबरात याच्याहून जास्त असतात. आणि त्या रेकॉर्डवाल्याला 'फॅसिलिटेट', चांगली दहा!"

"अहो, अर्थ एकच आहे."

"मग द्या की मला दहाचा!"

दुपारपर्यंत सगळं ऑफिस बोटांवर अक्षरं मोजायला लागलं. स्टोअरकीपरने घरून उशीएवढा जाड कोश आणला. रेकॉर्डवाल्याने मंजूर झालेली रजा रद्द केली, कारण पाठीमागे कोणी आपला शब्द पळवला तर? टायपिस्टबाईंनी स्वतःला दोन क्रियापदं लावून घेतली. एक कमी पडलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. शेवटी हेडक्लार्कांचं डोकं फिरलं.

"घ्या! ज्याचा त्याने शोधा आणि आणून द्या!"

मग काय विचारता! ड्रायव्हरचं क्रियापद दीड ओळ भरलं आणि ते वाचताना त्याची स्वतःचीच दोनदा बोबडी वळली.

हेडक्लार्कांनी मावशींना बाजूला घेतलं. "तुम्हालाही बदलून देऊ का? तुमचा शब्द अगदीच साधा आहे हो."

"राहू द्या, भाऊसाहेब. तो कोणाला नको असेल तर असू दे माझ्याकडे."

साहेबांनी अहवाल वाचले आणि खूश झाले. "आता कसं! याला म्हणतात इंग्रजी," म्हणत त्यांनी झोकात सह्या ठोकल्या.

महिन्याभराने मुख्यालयाचं पत्र आलं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीपासून त्यांचा आवाज खाली खाली जाऊ लागला. अकरा जणांनी वर्षभर नेमकं काय केलं, हे मुख्यालयात कोणालाच कळलं नव्हतं. सह्या करणाऱ्या अधिकाऱ्याने आठ दिवसांत प्रत्येक शब्दाचा लेखी खुलासा करावा, असा हुकूम होता. बारावा अहवाल तेवढा स्पष्ट होता. त्या कर्मचाऱ्याला आजपासून कायम करण्यात येत होतं.

हेडक्लार्क इतके हरखले, की त्यांनी साहेबांच्या हातातलं पत्र जवळजवळ हिसकावून घेतलं आणि व्हरांड्यात धाव घेतली. "मावशी! कायम झालात तुम्ही! कायम!"

मावशींचा झाडू थांबला. त्यांनी पदराने डोळे पुसले, मग चेहरा पुसला. "काय लिहिलं होतं हो माझं?"

"तुम्ही मदत केलीत, असं."

"मग? केलीच होती की," मावशी म्हणाल्या. आणि झाडू घेऊन त्या सरळ साहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेब कपाळाला हात लावून स्टोअरकीपरच्या जाड कोशात तोंड खुपसून बसले होते.

"पाय वर घ्या, साहेब."

साहेबांनी निमूटपणे पाय वर घेतले.