ठकीच्या शेपटीचं पीस

"माझी मादी विकलीत आणि हा नर माझ्या गळ्यात मारताय!" शेजारची शिंपीणबाई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ओरडत होती, आणि तिच्या काखेत तिचंच बदक गुपचूप बसलं होतं.

"अहो, ही तुमची ठकीच आहे."

"ठकी असती तर कलकलाटानं घर डोक्यावर घेतलं असतं. हा बघा कसा घसा बसलेल्या कारकुनासारखा खरखरतोय! आणि ठकी तपकिरी होती. याची मान हिरवी!"

बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली, ती नातवाला दात आल्यावरच परतली. तोवर ठकी माझ्याकडे. मधल्या काळात ठकीनं अंडी बंद केली, जुनी पिसं गाळली आणि नवी अंगावर घेतली ती थेट नराची. यात माझा काय दोष? पण गल्लीत माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, आणि ही बया मला बदकचोर ठरवायला निघालेली!

"नीट ऐका," मी म्हटलं. "मादी बदकाचं एकच अंडाशय चालतं, डावं. ते बिघडलं की नराचा थाट चढतो. आतून मात्र ती बाईच राहते. पुस्तकात वाचलंय मी."

(शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांवरून. पुड्या फाटक्या असत, त्यामुळे बऱ्याच विषयांचा शेवट मला अजून ठाऊक नाही. पण बदकांचं पुस्तक अख्खं वाचलंय.)

"पुस्तकात! उद्या म्हणाल, शिवणयंत्र म्हातारं होऊन त्याची इस्त्री झाली!"

"थांबा, पानच दाखवते," म्हणून मी चष्म्याचं घर उघडलं. त्यातून एक गोल वळलेलं पीस टुणकन उडून टेबलावर पडलं.

(नराच्या शेपटीला असतं, तसलं. सकाळीच मी ते ठकीच्या शेपटीवरून कात्रीनं उडवलं होतं. बाईला समजावत कोण बसणार? विज्ञानाला जरा हातभार लावला, इतकंच. हिरव्या मानेचं काय करणार होते, ते विचारू नका.)

"पुरावा कापलात!" बाई किंचाळली.

"तरीच माझ्या मिशीच्या कात्रीला चिकटलं होतं काहीतरी," आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले. (उभ्या जन्मात माणूस वेळेवर बोलला नाही, आणि आज बोलला.)

"तिचा डावा पाय बघा!" मी म्हटलं. "तुमच्याच दारात चेंगरून नख गेलं होतं ना? आहे का?"

बाईनं पाय पाहिला. नख नव्हतं. पाय सोडून म्हणाली, "पीस कापणारी बाई नख ठेवेल होय? आत्ता जाऊन गल्लीभर सांगते!"

आता मात्र माझा ठेवणीतला आवाज लागला. भांडी थरथरली, ठकीनं मान पंखात घातली. तेवढ्यात आतून सून आली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. ती जे बोलली, त्यावर शिंपीणबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ठकीकडे, पुन्हा माझ्याकडे, आणि ठकीला पोटाशी धरून मुकाट्यानं घरी गेली. मी सुनेशी अजून बोलत नाही. ती म्हणाली:

"मावशी, आमच्या आईंचा आवाज बाबांपेक्षा जाड झालाय, हनुवटीवर केस आलेत, दर रविवारी त्याच कात्रीनं कापतात, म्हणून आम्ही कधी कुणाच्या दारात जाऊन ओरडलो का, की आमची बाई बदलली म्हणून?"