मूळ लेखक: धनेश, खारबाव

लायसन्स लिहावं तर मीच! अख्ख्या खारबावात माझ्याइतका कायदेशीर प्रोग्रामर दुसरा सापडणार नाही.

मी आणि माझा दोस्त रवींद्र, आम्ही दोघांनी भिवंडीच्या गोदामांसाठी ‘तागा’ नावाचा प्रोग्राम केला. कापडाचे तागे मोजायचे आणि प्रत्येकावर चिकटवायचं लेबल छापायचं. फुकट आणि खुला! कोणीही न्यावा, हवा तसा बदलावा. लायसन्समध्ये, म्हणजे वापरायच्या परवान्यात, अट एकच, तीही मीच लिहिलेली: माझा कोड जे छापेल, त्यावर माझं नाव आणि फोन नंबर दिसलाच पाहिजे.

मग आमचं वाजलं. तो म्हणे ताग्याचा आधी रंग विचारायचा, मी म्हणे आधी नंबर, यावरून! रवींद्रने तोच कोड उचलून ‘नवा तागा’ काढला आणि चार गोदामंही पटकावली. उघडून बघतो तर लेबल छापणारा भाग जसाच्या तसा माझा. आणि माझं नाव? नावालासुद्धा नाही!

मी प्रोग्रामर मंडळींच्या ग्रुपवर जाहीर नोटीसच ठोकली. तासाभरात रवींद्रचा फोन.

“चुकलं रे. टाकतो नाव. लायसन्समधी हाय तसंच.”

त्या दिवशी मी घरात राजासारखा वावरलो.

आठवड्याने पहिला फोन आला. “धनेशभाय? तुम्हारा कपडा धोया तो आधा हो गया!”

“मेरा कपडा?”

“लेबल पे तुम्हाराच नाम है!”

प्रत्येक ताग्यावर माझं नाव! तागे सुरतेला पोचले, इंदूरला पोचले. कुणाचा रंग गेला, कुणाला दोन मीटर कमी भरलं, शिव्या मात्र सगळ्यांच्या पुऱ्या मापाच्या!

बायको, रूपा, म्हणाली, “अहो, कापडाचा धंदा काढलात आणि मला साधा गाऊन नाही?”

धावत कशेळीला गेलो, त्याने पटकावलेल्या एका गोदामात रवींद्रला गाठलं. “काढ माझं नाव!”

“न्हाय रे बाबा. तू परत नोटीस काढशील.”

“मी परवानगी देतो!”

“लेखी दे.”

उभ्याउभ्याच लायसन्स बदललं: नाव फक्त कोडात, लेबलावर नको! रवींद्रने हसत चहा मागवला. “आन् रंग?”

“आधी विचार बाबा, रंग आधी!”

पण छापून गेलेल्या लेबलांना नवं लायसन्स कोण वाचून दाखवणार? काल इंदूरहून एका बाईंचा फोन. “भैया, आपके कपडे के परदे बहुत सुंदर बने हैं!”

मी हळूच “थँक यू” म्हटलं. काय करणार? माझ्या कोडचं एवढं कौतुक आजवर कोणी केलंच नव्हतं हो!