तेरा पिल्लांचा कागद

आमच्या जगन्नाथरावांना कुणी काहीही सांगितलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कागद हाय का?"

भिगवणला ते माझे शेजारी. साखर कारखान्यात ते फिटर, मी टाइमकीपर. तोंडी आमंत्रण दिलं तर हा माणूस लग्नाला जायचा नाही, पत्रिका हवी. एकदा वहिनींनी दळण आणायला सांगितलं, तर पठ्ठ्याने तेही लिहून मागितलं. वहिनींनी लिहून दिलं, "दळण आणा, नाहीतर उपाशी झोपा." तोही कागद त्यांनी फाईलला लावला.

दुसरं वेड माशांचं. खायच्या नव्हे, बघायच्या! मासळीच्या जेवणासाठी नावाजलेल्या भिगवणमध्ये राहून मासे नुसते बघत बसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

नव्वदनंतर कधीतरी कारखान्याने त्यांना नव्या यंत्राचं काम शिकायला थायलंडला पाठवलं. आम्ही टेपरेकॉर्डरची वाट बघत होतो. हे तिथल्या भातखाचरात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि सहा मासे धरले. दाभणासारखे बारीक, खालचा ओठ पुढे आलेला. उरलेली सगळी सुट्टी कचेऱ्यांत गेली. धरायची परवानगी, न्यायची परवानगी, मासे निरोगी असल्याचा दाखला. इकडे आणायची परवानगी तर निघण्याआधीच काढून ठेवलेली.

त्यांना आणायला मी मुंबईला विमानतळावर गेलो आणि बाहेर चार तास ताटकळलो. आत काय तमाशा चालला होता, ते नंतर कळलं.

कागदावर मासे सहा. पिशवीत एकोणीस! ही जात अंडी न घालता थेट पिल्लंच देते, आणि एक मासळी वाटेत, विमानातच व्यायली होती.

"सायेब, तेरा वाढल्यात," यांनी कस्टमच्या साहेबांना आपणहून सांगितलं.

"अहो, एवढीशी पिल्लं कोण मोजतंय? जा घेऊन."

"आसं कसं? त्यांचा कागद न्हाय. आन् जरा घाई करा, ह्यांची आई सोताचीच लेकरं खाती."

एवढं बोलून त्यांनी साहेबांचा प्यायच्या पाण्याचा जग कुंडीत रिकामा केला, त्यात पिशवीतलं पाणी ओतलं आणि चहाच्या चमच्याने एकेक पिल्लू जगात सोडलं. साहेबांचा घसा कोरडा पडला. शेवटी वरच्या साहेबांना विचारून, माशांच्या डॉक्टरांना दाखवून त्यांनी दाखल्यावर लिहिलं, "प्रवासात जन्मलेली पिल्ले, तेरा." खाली सही आणि शिक्का. जग परत मिळाल्यावर साहेबांनी म्हणे हात जोडले.

भिगवणपर्यंत मी हसतच होतो. दारात वहिनी उभ्या होत्या. जगन्नाथरावांनी आधी माशांचं खोकं नाही, तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पदर डोळ्यांना लावला.

"वहिनी, साडी आणली नाही म्हणून रडताय व्हय?" मी म्हणालो.

"तुमी हितं यायच्या आदीची गोष्ट हाय," जगन्नाथराव खोकं उघडता उघडता म्हणाले. "आमच्याकडं सुमी व्हती. मेव्हण्याची पोर. आई बाळंतपणात गेली, म्हून आठ दिसांची आमी आणली. मासं तिच्यासाठीच पाळाया लागलो. पाच वर्सांची झाली, अक्षरं जुळवून वाचाया लागली, तवर मेव्हण्यानं दुसरं लगीन केलं आन् न्यायला आला. मी म्हणलं, पोर आमची हाय. तर त्यो म्हणला, कागद हाय का?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. वहिनींनी तेरा पिल्लं हळूच वेगळ्या बरणीत सोडली.

तो दाखला मात्र जगन्नाथरावांनी फाईलला लावला नाही. बरणीमागच्या भिंतीवर चिकटवला. खाली वाकून, हाताने उंचीचा अंदाज घेऊन, पाच वर्षांच्या पोरीला वाचता येईल इतक्या खाली.