सोनेरी चेंडू आणि प्रॅटकाकांची टाच

“ओहायो राज्यात दोन प्रकारची माणसं आहेत, ताई,” ऑर्व्हिल स्टेबिन्स म्हणाले. “ज्यांना दिसतं ती, आणि ज्यांना उलगडतं ती. दुसऱ्या प्रकारात मी एकटा.”

“पहिल्या प्रकारातही तू नाहीस. चष्मा कपाळावर आहे,” लाव्हिनिया म्हणाल्या.

टपालाने आलेल्या गुप्तहेराच्या प्रमाणपत्राला चौकट करून देण्याची चूक लाव्हिनियाबाईंचीच होती. तिची शिक्षा म्हणून त्या प्रत्येक तपासात धाकट्या भावाची टिपणवही सांभाळत. आजचा तपास मात्र पोरखेळ नव्हता. सत्त्याऐंशी वर्षांचे एलनेथन प्रॅट आपल्या घरी शेगडीपाशी बूट काढून बसले होते आणि त्यांच्या हातांकडे पाहिले की थट्टा ओठावरच विरून जात असे. हातमोजा ठाऊक नसलेल्या काळात त्यांनी बेसबॉलचे झेल घेतले होते. दहांपैकी एकही बोट सरळ उरले नव्हते.

विसरल्या गेलेल्या जुन्या खेळाडूंची नावे बेसबॉलच्या नव्या कीर्तिमंदिरासाठी तपासायला समितीचे श्री. डेलाप आज दुपारी येणार होते. पुरावा एकच. १८६९ साली प्रॅट यांच्या संघाने जिंकलेल्या सामन्यानंतर रिवाजाप्रमाणे हरलेल्यांनी चेंडू जिंकलेल्यांच्या हवाली केला, तो सोनेरी रंगवला गेला आणि त्यावर धावसंख्येखाली प्रॅट यांचे नाव लिहिले गेले. वर्तमानपत्राची कचेरी पुढे जळाली, सोबती एकेक करून गेले. आणि आता फडताळात चेंडू नव्हता.

“शेवटचा कधी पाहिलात, काका?”

“मोठ्या पुराच्या आधी.”

“म्हणजे चोरी गेल्या तेवीस वर्षांतच झाली!” ऑर्व्हिल विजयी मुद्रेने म्हणाले. “वर्तुळ आवळत चाललंय. ताई, लिही.”

“काकूंना विचारलंत?” लाव्हिनियांनी विचारले.

“छे!” प्रॅटकाका कुजबुजले. “हेप्झिबाला कळता कामा नये. समितीने मला नाही निवडलं, तर माझ्यापेक्षा तिलाच जास्त लागेल.”

“मी त्यांना स्वयंपाकघरातून हलायचं नाही, बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद दिलीय,” ऑर्व्हिल म्हणाले. “माझा पहिला संशय हरलेल्या संघावर.”

“ते सगळे वारले रे.”

“तेच तर! मेलेल्यांवर कोण संशय घेणार?”

दुसरा संशय पाद्रीबाबांवर होता. रविवारच्या खेळाला ते पाप म्हणत आणि त्यांचे घड्याळ संशयास्पद सोनेरी होते. इतक्यात ऑर्व्हिल एकदम गुडघ्यांवर बसले.

“काका, तुमच्या मोज्याच्या टाचेवर सोन्याचा कण! चोर सोनार आहे, आणि तो तुमच्या बुटात शिरला होता!”

“मी आत असताना?”

“आधी. अत्यंत धूर्त माणूस.”

लाव्हिनियांनी वही मिटली. त्यांनी ती टाच नीट पाहिली. रफू ताजा होता आणि अर्ध्या संत्र्यासारखा सुबक गोल. असा रफू करायला मोज्यात काहीतरी गोल घालावे लागते, हे कळायला प्रमाणपत्र लागत नाही. त्या उठल्या आणि स्वयंपाकघराचे दार उघडले. त्याच वेळी पुढच्या दारात डेलाप टोपी काढून उभे राहिले.

आत हेप्झिबाकाकू दुसऱ्या पायाचा मोजा रफू करत होत्या. मोज्याच्या टाचेत चेंडू होता.

“काकू, हा तर काकांचा चेंडू!”

“मग कुणाचा असणार? फडताळात नुसता धूळ खात होता. मी सांगणार होते, पण ह्या ऑर्व्हिलने तोंड उघडायची बंदी केलीय.”

प्रॅटकाकांचा चेहरा पांढरा पडला. “आणि त्यावरचं लिहिलेलं?”

काकूंनी मोजा मागे सारला. एका बाजूचा सोनेरी रंग सुईने पार खरवडून निघाला होता. दुसऱ्या बाजूला अक्षरे कालच लिहिल्यासारखी झळकत होती: एकेचाळीस विरुद्ध चाळीस. एलनेथन प्रॅट.

“ती बाजू मी तळहातात धरते,” काकू म्हणाल्या. “ह्यांचं नाव आहे तिथे. त्यावर सुई कशी चालवू?”

डेलाप यांनी आत येऊन ती अक्षरे वाचली, मग काकांची बोटे पाहिली, आणि हात पुढे केला. “बाई, हा मला समितीपुढे न्यायलाच हवा.”

“जरूर न्या. हा मोजा पुरा झाला की. अहो, पाय शेगडीजवळ घ्या, गारठाल.”

“माझ्या तर्काप्रमाणे तो घरातच होता,” ऑर्व्हिल म्हणाले आणि हळूच आपला बूट सोडू लागले. “काकू, माझ्याही मोज्याच्या अंगठ्याला जरासं—”

“ऑर्व्हिल!” लाव्हिनिया गरजल्या.

डेलाप टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. सदुसष्ट वर्षे ताटकळलेली कीर्ती, टाच पुरी होईपर्यंत, आणखी वीस मिनिटे थांबली.