पोपटीतलं मीठ

प्रविणचं सासर रोह्याजवळ, आणि लग्नानंतरची ही पहिलीच पोपटीची मेजवानी. धरमतरकडच्या मिठागरवाल्यांचा हा मुलगा कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला होता, त्यामुळे "पुरावा काय?" हा प्रश्न सदा ओठांवर. "मीठ मात्र आमच्या आगरातलंच, मी घेऊन येतो," असं त्याने फोनवर बजावलं होतं. घराण्याची अब्रूच पणाला लावली म्हणा ना!

मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, ओवा सगळं भरून झालं. वरून भांबुर्डीचा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा, एवढंच उरलं. मग शिजेपर्यंत आत बघायची सोय नाही.

"मीठ घातलं ना?" प्रविणने विचारलं.

"व्हय तर," बायको पिंकी म्हणाली.

"तू बघितलंस?"

"आई बोलली."

"मला ह्यांनी सांगितलं," सासूबाई गिरजाबाई म्हणाल्या.

"घातलं की!" सासरे बाबाजी पाला कोंबत म्हणाले.

तीन साक्षीदार! प्रविण निर्धास्त झाला. पेंढा भडकला.

पोपटी पाटीत ओतली, वाफ दरवळली. प्रविणने शेंग सोलून दाणा तोंडात टाकला. अळणी!

"मीठ कसं हाय?" त्याने चाचरत विचारलं.

"आगराचं मीठ ते! चवच न्यारी," बाबाजी म्हणाले.

"बेताचं हाय," गिरजाबाई म्हणाल्या. पिंकीनेही मान डोलावली.

आपल्यालाच सर्दी झाली असावी, म्हणून त्याने रुमालासाठी खिशात हात घातला. हाताला मिठाची पुडी लागली, न उघडलेली.

बिचारा कानापर्यंत लाल झाला. पुडी परत सरकवता आली असती, पण त्याने ती सगळ्यांसमोर ठेवली.

"आरं देवा! मगाधरनं वाटतंय, माझी जीभच मेली," बाबाजी म्हणाले. "पण मिठागरवाला जावई गप खातोय, म्हंजे मीठ असणारच!"

"पण मामा, तुम्हीच म्हणालात ना, घातलं?"

"मीठ तुमी आणलंत. म्हंजे तुमीच घातलं असणार!"

गिरजाबाईंनी हसत हसत अख्खी पुडी पाटीत रिकामी केली आणि शेंगा घोळवल्या.

"आता बरोबर झालं ना?" प्रविणने सवयीने विचारलं.

"आमाला काय इचारताय, जावईबापू? तुमची जीभ कुठं गेली?" गिरजाबाई म्हणाल्या.

त्याने दाणा चाखला. खारट! डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिघंही मोठ्या आशेने त्याच्याकडे बघत होते. त्याला त्यांची फार माया वाटली.

"एकदम बेताचं हाय," तो म्हणाला.

आणि तेवढ्या शब्दावर तिघांनी मूठमूठ दाणे तोंडात टाकले.